दिरांसमोर वाचलेली कविता

त्या रविवारी मी घरी खोटं सांगून निघाले. ऑफिसात तपासणीचं काम राहिलंय, दोन तासांत येते, असं सासूबाईंना म्हणाले. त्या टीव्हीसमोर शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून माझ्या नव्या ड्रेसकडे पाहिलं आणि विचारलं, "रविवारी बी?" मी हो म्हणाले आणि चपलेचा पट्टा लावायला वाकले. चेहरा दिसू नये एवढंच. चौदा वर्षांत या घरात इतकं सरळसोट खोटं मी कधी बोलले नव्हते, आणि बोलले ते कवितेपायी. माझे मालक, म्हणजे नवरा, त्या दिवशी वाटूरला एका लग्नाला गेले होते, ते एक बरं होतं. त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवून मला ते जमलं नसतं.

मी एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करते. ओल्या कागदाच्या गुंडाळीत बी मांडून ठेवायचं, काही दिवसांनी गुंडाळी उलगडायची, आणि किती रुजलं, कोंब सरळ आहे का वाकडा, मूळ धरलंय का नाही, हे बघून तक्त्यात लिहायचं. दिवसभर फारसं कुणाशी बोलावं लागत नाही. तिथंच बाद झालेल्या चिठ्ठ्यांच्या पाठीवर मी ओळी लिहायला लागले. कुणाला दाखवायच्या नव्हत्याच. पण शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या मुलीनं एक चिठ्ठी उलटून वाचली आणि दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "ताई, मी तुमचं नाव देऊन टाकलं."

"कशात?"

"स्लॅममध्ये."

नवीन जालन्यात स्टेशनकडं जाणाऱ्या रस्त्यावर एका औषध-खताच्या दुकानाच्या वर एक कॅफे निघालाय. पुण्यात शिकून परत आलेली एक मुलगी तो चालवते. महिन्यातल्या एका रविवारी संध्याकाळी तिथं कवितांची स्पर्धा असते. कुणीही यावं, तीन मिनिटांत स्वतःची कविता म्हणावी. ऐकणाऱ्यांतलेच तीन जण परीक्षक होतात आणि लगेच, तुमच्या तोंडावर, पाटीवर गुण लिहून दाखवतात. मी त्या मुलीला म्हटलं, नाव काढून टाक. ती हो म्हणाली. तिनं काढलं नाही आणि मीही पुन्हा विचारलं नाही. का विचारलं नाही, ते मला आजही नीट सांगता येत नाही.

भीती लोकांची होतीच, पण त्याहून जास्त त्या कवितेची होती. ती आमच्या घरातली होती.

आमचं घर मूळचं घनसावंगीकडचं. माझ्या सासऱ्यांच्या काळात सगळे जालन्याला आले. घराच्या पुढच्या खोलीत माझ्या थोरल्या दिरांचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या पाणबुडी मोटारी येतात, त्यांतली जुनी तार काढून नवी, वेढे मोजत, भरायची. वय पंचावन्नच्या आसपास. घरात सगळे त्यांना दादा म्हणतात. माणूस वाईट नाही, पण आवाज असा की चिडले तर स्वयंपाकघरातली भांडी हलतात असं वाटायचं. मी लग्न होऊन आले तेव्हा मला सांगितलं गेलं, दादांसमोर डोक्यावर पदर घ्यायचा, समोरासमोर बोलायचं नाही. तेही माझ्याशी बोलायचे नाहीत. काही लागलं तर मधल्या दारात उभं राहून भिंतीकडं बघत म्हणायचे, "आत कोणी हाय का? चहा पाठवा म्हनावं." आत मी एकटीच असले तरी हेच. मी चहा करायचे, कुणा पोराच्या हातानं पाठवायचे. पोरं शाळेत असली की मी दारातल्या स्टुलावर कप ठेवून मागं सरायचे. चौदा वर्षं.

माझ्या कवितेचं नाव तेच होतं, 'आत कोणी हाय का'. त्या 'कोणी'ची ती कविता होती.

कॅफेचा जिना अरुंद आहे. चढताना दोनदा मी थांबले. वर वीस-पंचवीस माणसं होती, बहुतेक कॉलेजची पोरं. काही वेताच्या खुर्च्यांवर, काही खाली गादीवर. कॉफीचं मशीन मधूनच फुसफुसायचं. एका कोपऱ्यात माइक आणि त्यावर पिवळा दिवा. माझ्या वयाचं तिथं कुणी दिसेना. ऑफिसातली मुलगी धावत आली, माझा हात धरून तिनं मला दुसऱ्या रांगेत बसवलं आणि म्हणाली, "हात किती गार पडलेत, ताई!" मी म्हटलं, "मला घरी जाऊ दे." ती हसली. मी हसत नव्हते.

पहिल्या मुलानं कविता म्हटली आणि पोरं टाळ्यांऐवजी चुटक्या वाजवायला लागली. तिथली तशी पद्धत आहे म्हणे. मग तीन पाट्या वर झाल्या. सात, सहा, आठ. तो मुलगा हसत खाली बसला, पण त्याचं हसू ओठांवर तसंच राहिलं, डोळ्यांत काही नव्हतं. ते बघून मला वाटलं, उठावं आणि जावं. पर्समध्ये कवितेची चिठ्ठी होती. ती मी आत हात घालून इतकी घट्ट धरली होती की घामानं शाई फुटली असेल याचीच भीती वाटायला लागली.

तिसरी कविता चालू असताना जिन्यावर पावलं वाजली. मी सहज मान वळवली.

दारात दादा उभे होते.

अंगावर लग्नकार्याला घालायचा पांढरा शर्ट होता. केस पाण्यानं बसवलेले. डोळे आतल्या अंधाराला सरावले नव्हते, ते दारातच थांबून आत बघत होते. हात आपोआप वर गेला आणि मी ओढणी डोक्यावर घेतली. मग लक्षात आलं की अख्ख्या कॅफेत डोक्यावर ओढणी घेतलेली मी एकटीच आहे, म्हणजे सगळ्यांत आधी मीच दिसणार. ती खाली घेतली. पुन्हा वर घेतली. मला वाटलं, सासूबाईंनी पाठवलंय. ऑफिसात फोन केला असेल, ऑफिस बंद असेल, कुणीतरी सांगितलं असेल. आता सगळ्यांदेखत भिंतीकडं बघून म्हणतील, घरचं कोणी हाय का इथं, चला म्हनावं.

ते तसं काही बोलले नाहीत. कॅफेवाली मुलगी पुढं झाली, "काका, आलात! या या," म्हणाली आणि त्यांना पहिल्या रांगेत, माझ्या थेट पुढं, बसवलं. त्यांनी मला पाहिलं नव्हतं. त्यांच्या मानेवर घामाचे थेंब दिसत होते. शेजारची मुलगी माझ्या कानात म्हणाली, "हे काका इथला पंखा दुरुस्त करायला आले होते. तेव्हा कॅफेवाल्या ताईनं त्यांना मोबाइलवर काहीतरी लिहिताना पाहिलं. फार मागं लागून बोलावलंय." मला काही कळेना. आमच्या दादांनी मोटारीची पावती सोडून दुसरं काही लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

दोन नावं झाली आणि त्यांचं नाव पुकारलं.

ते उठले. माइकसमोर उभे राहिले. खिशातून मोबाइल काढला आणि तो डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ घेतला, मग पुन्हा लांब. शर्टाचा खिसा चाचपला, पँटचे चाचपले. चष्मा आणला नव्हता. "एक मिनिट," म्हणाले. तो आवाज माइकमधून इतका मोठा आला की तेच दचकले. मग त्यांचा हात थरथरायला लागला. ज्या हातानं ते केसासारखी तार खाचेत बसवतात तो हात. मोबाइलचा उजेड त्यांच्या तोंडावर हलत होता. पोरं पहिल्यांदा प्रोत्साहनाच्या चुटक्या वाजवत होती, मग तेही बंद झालं. कॉफीचं मशीनही कुणीतरी बंद केलं. ते मोबाइलकडं बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता.

मी त्यांना भ्यायचे. त्यांच्या खाकरण्यालाही भ्यायचे. पण त्या क्षणी जी भीती वाटली ती वेगळीच होती. हा माणूस आता इथं सगळ्यांसमोर रडेल आणि ते मला बघावं लागेल, याची. मी कधी उठले ते मला आठवत नाही. मी माइकजवळ गेले आणि जमिनीकडं बघत हात पुढं केला.

"द्या," मी म्हणाले. "मी वाचते."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. ओळखायला त्यांना एक क्षण लागला. मग त्यांचा चेहरा पांढरा पडला. चोर सापडावा तसा. मला एकदम कळलं की हेसुद्धा घरी खोटं सांगून आलेत. त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला.

कविता माझ्या थोरल्या जाऊबाईंवर, दादांच्या बायकोवर होती.

त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. मूत्रपिंडाचा आजार होता. आठवड्यातून दोनदा दवाखान्यात न्यावं लागायचं, मी सोबत जायचे, दादा बाहेर गाडीपाशी उभे राहायचे, आत यायचे नाहीत. त्या गेल्या त्या दिवशीही दादा कुणासमोर रडले नाहीत. दहाव्यानंतर दुकान उघडलं आणि तार भरायला बसले. आम्हाला वाटलं होतं, कठीण माणूस आहे.

मोबाइलवर असं होतं:

एकशे बारा वेढ्यांवर होतो
तू दारातून म्हनालीस, जेवून घ्या
मोजणं सुटलं
मी ओरडलो.
किती वेळा ओरडलो ते मोजलं न्हाई
वेढे मोजले.
आता कोणी हाक मारत न्हाई
वेढे बराबर बसतात
मोटार पहिल्या झटक्यात चालू होती
गिऱ्हाईक म्हनतं, हात बसला तुमचा
मी म्हनतो, हां, बसला.

हे ओरडणं मी स्वतः ऐकलेलं होतं. जाऊबाई दारातून मागं यायच्या, पदरानं कपाळ पुसायच्या आणि म्हणायच्या, "भूक लागली की आपोआप येतील." कधी डोळ्यांत पाणी असायचं, कधी नसायचं. वाचताना 'मी ओरडलो' या ओळीवर मी अडले. ती ओळ पुन्हा वाचली. शेवटपर्यंत कशी गेले ते माहीत नाही. संपल्यावर चुटक्या वाजल्या नाहीत. मागं कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनी वाजवल्या. पाट्यांवर नऊ, दहा, नऊ असे आकडे आले. दादांनी ते पाहिले नाहीत. ते खुर्चीवर बसून गुडघ्यांकडं बघत होते.

आणि कॅफेवाल्या मुलीनं लगेच पुढचं नाव पुकारलं. ते माझं होतं.

मी माइकपाशीच उभी होते. जाऊन बसायचीही सोय नव्हती. आता काय वाचायचं? पर्समध्ये दुसरी एक चिठ्ठी होती, वाकड्या कोंबावरची, कुणालाच न बोचणारी. ती काढावी असं मी ठरवलं. खांद्यावरची पर्स उघडली. दोन्ही चिठ्ठ्या एकत्र हातात आल्या. दादा पहिल्या रांगेत, माझ्यापासून चार हातांवर. नुकतंच त्यांचं सगळं मी लोकांना वाचून दाखवलं होतं, आणि आता त्यांच्यावरचीच वाचायची? वाटलं, न वाचता खाली बसले तर पुढची सगळी वर्षं त्या स्टुलावर चहा ठेवत जातील. वाचली तर घरात काय होईल ते माहीत नव्हतं. दोन्ही गोष्टींची सारखीच भीती वाटत होती.

मी नाव सांगितलं. "आत कोणी हाय का."

दादांची मान वर झाली.

त्यानंतरची दोन-अडीच मिनिटं मी कागदावरून डोळे काढले नाहीत. कवितेत मी कुणाचं नातं सांगितलं नव्हतं. एक बाई आहे, तिला दारातून विचारतात, आत कोणी आहे का. ती विचार करते, आहे का? भांडी आहेत, गॅस आहे, चहापत्ती आहे. मग ती स्वतःला चाचपून बघते. एवढंच. मधे घंटा वाजली, म्हणजे वेळ संपत आली. मी घाईनं वाचलं, एक ओळ गाळली. मान वर केली तेव्हा पुढची खुर्ची रिकामी होती.

किती गुण मिळाले ते मी पाहिलंच नाही. ऑफिसातल्या मुलीनं ते नंतर सांगितलं. मला वाटलं, दादा घरी गेले. मी पोचायच्या आत सगळं सांगून झालेलं असेल. मी पर्स सावरली आणि जिना उतरायला लागले. एका पायरीवर पाय घसरला आणि कठडा धरून मी तिथंच बसले.

खाली, बंद दुकानाच्या शटरपाशी, दादा गाडीला टेकून उभे होते. अजून उजेड होता. रिक्षा जात होत्या. त्यांनी मला जिन्यावर बसलेलं पाहिलं. मी ओढणी डोक्यावर घेतली.

मग ते गाडीच्या हँडलकडं बघत म्हणाले, "मी तसं म्हनतो?"

मला वाटलं, हो म्हटलं तर संपलं. तरी म्हणाले, "हो."

"रोज?"

"रोज."

हँडलवरची धूळ अंगठ्यानं पुसत राहिले. "मला मालूमच न्हवतं," म्हणाले. "म्हंजे म्हनतो ते मालूम व्हतं. पण कोणी ऐकून राह्यलंय, हे न्हवतं ध्यानात आलं." मग श्वास घेऊन म्हणाले, "वर दम कोंडायला लागला म्हनून खाली आल्तो. राग बिलकुल न्हाई."

मी कठडा धरून उठले.

"एक सांगू का," ते म्हणाले, आणि आता त्यांच्या आवाजात खरंच घाबरलेपण होतं. "आईला हे सांगू नका. मी वाटूरच्या लग्नाला जातो म्हनून निघालोय."

लग्नाला तर माझे मालक गेले होते. घरातून दोघं भाऊ आपापल्या गाडीवर सोबतच निघाले होते, हे मला तेव्हा कळलं. दादा स्टेशनजवळ थांबले आणि भावाला म्हणाले, तू हो पुढं, मला सामान घ्यायचंय. हे ऐकून मला हसू आलं. भीतीत हसू आलं की ते आवरत नाही. मी तोंडावर ओढणी धरली. तेही हसले असावेत, मी पाहिलं नाही. "तुम्ही रिक्षानं जा जल्दी," म्हणाले. "मी तासाभरानं येतो. सोबत गेलो तर दोघं बी सापडू."

पण सापडायचं ते सापडलोच. कॅफेवाल्यांनी दोन्ही कवितांचा व्हिडिओ टाकला होता. दोन दिवसांनी दादांची मुलगी, संभाजीनगरला शिकते ती, तिनं वडिलांना फोन केला. दुकानात बराच वेळ त्यांचा दबका आवाज येत होता. मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होते. फोन झाल्यावर ते मधल्या दारात आले. भिंतीकडं बघितलं. काही म्हणायला तोंड उघडलं, मिटलं. शेवटी, "चहा मिळंल का?" एवढंच म्हणाले. मी चहा नेऊन त्यांच्या हातात दिला. कप बशीत वाजत होता. त्यांच्या हातात का माझ्या, सांगता येणार नाही.

सासूबाईंना नातीनंच व्हिडिओ दाखवला, सुट्टीला आल्यावर. मी भाकरी करत होते. हात थांबले. त्यांनी तो पूर्ण पाहिला, मग पुन्हा लावायला सांगितला. मग उठून स्वयंपाकघरात आल्या. मी मनात सगळी उत्तरं तयार करत होते, खोटं का बोललीस, घरातलं बाहेर का सांगितलंस. त्या त्यातलं काहीच बोलल्या नाहीत. म्हणाल्या, "माझ्या पोराचे हात थरथरून राह्यले व्हते अन् तू एवढा येळ बसून बघत व्हती? जल्दी उठायचं का न्हाई?"

आठवडाभर त्या माझ्याशी नीट बोलल्या नाहीत, ते यावरूनच. माझ्या कवितेबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही, आणि मीही विचारलं नाही. मालक मात्र सगळं कळल्यावर नुसते हसले आणि मग म्हणाले, "मला पण ऐकवायची व्हती की." यावर मला रडू आलं. का, ते त्यांना समजलं नाही.

पुढच्या महिन्यात कॅफेवाल्या मुलीचा पुन्हा फोन आला. दादांना तिनं आधीच विचारलं होतं. ते म्हणाले म्हणे, एकच व्हती, झाली. मी हो म्हणाले. या वेळी घरी खरं सांगून निघाले, तरी रिक्षात बसल्यापासून परत फिरावंसं वाटत होतं. कॅफेत पोचल्यावर मी आधी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारलं आणि तिथंच भिंतीला टेकून उभी राहिले. बाहेर माझं नाव दुसऱ्यांदा पुकारत होते. मी तोंड पुसलं आणि कडी काढली.